शिडीच्या बाजूच्या मॅडम

मॅडमना न हलणाऱ्या वस्तूंचा राग होता. स्टँडवर घट्ट बसवलेला कॅमेरा दिसला की जाता-जाता त्याला टिचकी मारल्याशिवाय त्या पुढे जात नसत. एका लग्नात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावरून पेटलेलं भांडणही पाहिलं. फोटोग्राफर ओरडला, "ओ मावशी, हलला ना कॅमेरा!" मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर मारली. आता तुझ्या व्हिडिओत काहीतरी बघण्यासारखं येईल." आणि पंगतीत जाऊन बसल्या.

हललेल्या, थरथरलेल्या, पुसट व्हिडिओतून जेवढं खरं दिसू शकेल तेवढं बाहेर काढायचं, हा त्यांचा उद्योग होता. त्याआधी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. शेवटी-शेवटी प्राचार्यांनी आदर म्हणून त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर, पाठीमागच्या शांत बाजूला हलवून दिली. तिथे ना जिन्याचा आवाज, ना रस्त्याचा धक्का. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मॅडमनी राजीनामा दिला. "मला देवघर दिलं त्यांनी," त्या सांगायच्या, "मी काय घंटा वाजवत बसू?"

मग त्या खोली शोधायला निघाल्या. लोक भाड्याची खोली बघताना नळाला पाणी कधी येतं विचारतात. मॅडम पिशवीतून स्टीलचा पेला काढायच्या, त्यात बाटलीतलं पाणी ओतायच्या, तो फरशीवर ठेवायच्या आणि पाण्याकडे टक लावून बघत बसायच्या. पाणी निवांत राहिलं की म्हणायच्या, "नको." घरमालकांना वाटायचं, बाई वास्तुशास्त्राचं काहीतरी करतायत. असे चांगले हवेशीर फ्लॅट त्यांनी नाकारले. शेवटी पडेगावात, दौलताबाद रस्त्याला लागून, पिठाच्या गिरणीवरची खोली त्यांना पसंत पडली. खाली गिरणी सुरू, बाहेरून मालट्रक जाणार, आणि पेल्यातल्या पाण्यावर सारख्या बारीक लाटा. "हीच," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो तेव्हा या खोलीत पहिल्याच दिवशी माझे दात वाजले. मी फुलंब्रीहून रोज येऊन-जाऊन करायचो. मॅडमनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि सोडून दिलं. "तू फुलंब्री," त्या म्हणाल्या. माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची त्यांची खोड होती. घरमालक म्हणजे पडेगाव. चहावाला म्हणजे कन्नड. आपल्याला राग येतोय का याची त्यांना काही पडलेली नसायची. मला यायचा. नंतर सवय झाली, आणि आता तशी हाक मारणारं कुणी राहिलं नाही, तर चुकल्यासारखं होतं.

चहा आम्हाला अर्धा कपच मिळायचा. भरलेला कप टेबलावर ठेवला की गिरणीच्या हादऱ्याने बशीत यायचा. पडेगावकाकांना याचं फार वाईट वाटे. खानदानी शेतकरी माणूस, शेतीला जोड म्हणून गिरणी टाकलेली. भाडेकरू बाईला त्रास होतो म्हणून एक दिवस ते खांद्यावर रबराच्या जाड चकत्या घेऊन वर आले.

"मॅडम, ह्ये मशीनच्या खाली टाकतो. लई हादरतंय तुम्हाला."

"टाकून तर बघा!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "पडेगाव, मी या खोलीत काय बघून आले? तुमचा रंग? तुमची खिडकी? हादऱ्यासाठी आले मी! रबर टाकलं की त्याच दिवशी मी निघाले."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली, कारण तेव्हा मलाही नीट कळलेलं नव्हतं.

मॅडमनी मग त्यांनाच खाली पाठवून गहू चाळायची पत्र्याची चाळणी आणवली. ती त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "काय दिसतं?"

"भोकं."

"भोकांतून?"

"थोडं थोडं. ह्या भोकातून बाईकचं हँडल, त्या भोकातून टायर."

"आता मी चाळणी हलवते. सारखी हलवते. आता?"

काकांनी मान पुढे काढून बघितलं. मग म्हणाले, "आयला. अख्खी बाईक दिसती की."

"हां. कॅमेरा म्हणजे चाळणी. न हलता धरली तर तीच भोकं, तेच तुकडे. जरा थरथरली की दर खेपेला वेगळे तुकडे येतात. ते सगळे नीट जुळवून एकावर एक बसवले की जे एका चित्रात नव्हतं ते दिसायला लागतं. अहो, आपलं बुबुळसुद्धा सारखं बारीक थरथरत असतं. ते थांबलं तर समोरचं पुसट होतं. देवानेच रबर नाही टाकलं, तुम्ही कशाला टाकता?"

रबराच्या चकत्या पुढे काकांनी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कुठेतरी वापरल्या. पण त्या दिवसापासून दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते चाळणीचा प्रयोग करून दाखवायला लागले, आणि दळण उशिरा मिळतं अशी तक्रार गावभर झाली.

गंमत वाटेल, पण ही गंमत तिथेच संपायची. जोडताना मॅडमचा एक नियम होता आणि त्यात त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. जे तुकडे व्हिडिओत आले आहेत तेच जोडायचे. न आलेला तुकडा स्वतःच्या मनाने भरायचा नाही. आजकाल मोबाइलवर बटण दाबलं की धुरकट चेहरा लख्ख होतो. मॅडम त्याला सुधारणा म्हणत नसत. "हे चेहरे पाठ केलेलं पोर आहे," त्या म्हणायच्या. "प्रश्न आला नाही तरी उत्तर लिहितं."

एकदा एक बाई आल्या. वडील वारलेले, त्यांचा एकच व्हिडिओ, कुणाच्या तरी हळदीत हातात धरून काढलेला. वडील मागे भिंतीला टेकून बसलेले. बाईंना त्यांचे डोळे हवे होते. मॅडम त्या कामात बुडून गेल्या. शेवटी जे निघालं ते दाखवायला मला लाज वाटत होती. डोळ्यांच्या जागी दोन सावल्याच होत्या. पापण्या सारख्या लवत होत्या, पण भिंतीला टेकलेली डोक्यावरची टोपी स्थिर होती, ती स्वच्छ आली होती. टोपीला डाव्या बाजूला एक घडी पडलेली. त्या बाई पडद्याजवळ गेल्या आणि घडीवर बोट ठेवून रडायला लागल्या. "इथंच मुडपायचे," त्या म्हणाल्या. "आई रोज ओरडायची." डोळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मॅडमनीही काढला नाही. त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

मॅडमना हट्टी म्हणणारे खूप होते. मी त्यांच्याशी भांडतो. हट्टी माणूस स्वतःच्या फायद्यासाठी अडून बसतो. मॅडमच्या अडण्यात त्यांचा फायदा झालेला मी एकदाही पाहिला नाही.

शेंद्र्याच्या प्रकरणात तर सरळसरळ तोटाच होता.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून तांब्याच्या केबलचं बंडल चोरीला गेलं. साप्ताहिक सुट्टीची दुपार होती. आवारात पाण्याची उंच टाकी, टाकीला लोखंडी शिडी, आणि कॅमेरा लावलेला समोरच्या कॉम्प्रेसरच्या शेडवर. कॉम्प्रेसर चालू असला की शेड थरथरायची, शेडबरोबर कॅमेरा. सुट्टी असूनही त्या दुपारी तो चालू होता. कॅमेऱ्याच्या व्हिडिओत एक माणूस बंडल खांद्यावर घेऊन शिडीला पाठ लावून जरा वेळ उभा राहिलेला दिसत होता. दिसत होता म्हणजे एक आकृती दिसत होती. तोंड ज्वारीच्या दोन-चार दाण्यांएवढं. कारखान्यातल्या कुणीतरी ते कसल्याशा सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, आणि बाहेर आलेला चेहरा बघून सुपरवायझर म्हणाला, हा तर आपला अमुक.

तो अमुक म्हणजे शेंद्र्याजवळच्या एका वस्तीवरचा पोरगा. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन. ठेकेदाराकडे कितीतरी वर्षं राबून तो नुकताच कंपनीत कायम झाला होता. सुपरवायझरशी त्याचं आधी एकदा वाजलेलं होतं. त्या दुपारी तो माळावर शेळ्या घेऊन गेलेला, म्हणजे साक्षीला शेळ्याच. कामगारांच्या प्रतिनिधीने आग्रह धरला म्हणून चौकशी समितीने बाहेरच्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं, आणि पेन ड्राइव्ह आमच्याकडे आला. मॅडमनी होकार दिला तर पोरगा चोर ठरणार होता. आणि एकदा चोर म्हणून गेटबाहेर काढलेल्याला त्या वसाहतीत दुसरं कुठलंच गेट उघडत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत आहे.

पेन ड्राइव्ह घेऊन कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः आले. पुण्याचे, अतिशय सभ्य. सोबत त्या लख्ख चेहऱ्याची मोठी रंगीत प्रिंट. मॅडमनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली.

"पुणे, या पापण्या कुठून आणल्या?"

ते आधी गोंधळले. मग म्हणाले, "सॉफ्टवेअरने इमेज सुधारली आहे, मॅडम."

"दोन-चार दाण्यांत पापण्या मावतात?"

"तुम्ही फक्त खात्री करून द्या. आमच्या सगळ्या प्लांटचे कॅमेरे तपासून घ्यायचेच आहेत, ते काम तुमच्याकडेच यावं अशी आमची इच्छा आहे."

मॅडमनी चहा मागवला. साहेबांनी आपला अर्धा कप संपवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा आला, सोबत मोठा भाऊ. पोरगा ठेंगणा, रुंद खांद्यांचा, डोळे लाल. भाऊच बोलला. "बाई, त्यो आमचा नाय. तेवढं लिहून द्या. तुमच्या एका सहीनं पोरगं वाचंल."

"मी अजून काही पाहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"पर त्यो नायच की. आम्हाला म्हाईत हाय."

"तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओला माहीत आहे का ते मला बघायचंय."

"म्हंजी तुम्ही कंपनीच्या बाजूनं."

"मी त्यांच्याही बाजूची नाही, तुमच्याही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या त्या पुसट चित्रात आकृतीमागे करड्या पट्ट्यासारखं काहीतरी होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मी या शिडीच्या बाजूची आहे."

भाऊ तावातावाने जिना उतरला. पोरगा मागे राहिला, करड्या पट्ट्याकडे बघत. मला मॅडमचा संताप आला होता. समोर माणूस बुडतोय आणि ही बाई शिडीचं काय घेऊन बसली, असं मी तोंडावर बोललोही. त्यांनी शांतपणे सांगितलं, "फुलंब्री, तोंड हलतं. शिडी हलत नाही. जे हललं नाही तेच मला जोडता येतं. मग तोंडाकडे बघत कशाला बसू?"

कामाला आम्ही बसलो. व्हिडिओतलं एकेक चित्र घ्यायचं, थरथरीने ते किती सरकलंय ते काढायचं, मागे सरकवून पहिल्यावर बसवायचं. हळूहळू तो करडा पट्टा फुटायला लागला. पायऱ्या वेगळ्या झाल्या. आणि एके दुपारी, खाली कुणाचं तरी बाजरीचं दळण चालू असताना, मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

एक पायरी वाकडी होती.

बाकीच्या सरळ, आणि आकृतीच्या कानाशी असलेली पायरी मधोमध खाली दबलेली. मॅडमनी ती रंगीत प्रिंट ओढली. तिच्यात शिडी होती. कॅटलॉगमधल्यासारखी सुंदर, सगळ्या पायऱ्या सरळ.

"बघ," त्या म्हणाल्या. "शिडी दुरुस्त करून टाकली. तोंडाचं काय केलं असेल?"

आम्ही शेंद्र्याला गेलो तेव्हा आवारात टेबल मांडलेलं, समितीचे लोक, साहेब, सुपरवायझर, कामगारांचा प्रतिनिधी आणि बाजूला तो पोरगा. मॅडम तडक शिडीपाशी गेल्या आणि हात वर करून एक पायरी चाचपली. मधोमध दबलेली. कामगारांचा प्रतिनिधी म्हणाला, "लई जुनी हाय ती. फोर्कलिफ्ट लागली होती." सगळ्यांना ती माहीत होती. प्रिंटमध्ये ती नाही हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण सगळे तोंड बघत होते.

पण मॅडमना पोराला त्याच जागी उभं करून त्याच कॅमेऱ्याने बघायचं होतं. आणि तिथे घोळ निघाला. मॅडम येणार म्हणून साहेबांनी काळजीने कॅमेऱ्याला नवा ब्रॅकेट बसवून घेतला होता, रबराच्या पॅडसकट. कॉम्प्रेसरही बंद ठेवला होता. आवारात चिमणी ऐकू येत होती. पडद्यावर चित्र अगदी निश्चल, आणि शिडी म्हणजे पुन्हा तोच करडा पट्टा.

"हे कुणी केलं?" मॅडमचा आवाज चढला.

"मॅडम, तुमच्यासाठीच. आता कॅमेरा अजिबात हलत नाही," साहेब कौतुकाने म्हणाले.

"सगळे माझ्यावर उपकार करायला बसलेत! जुना ब्रॅकेट कुठे आहे?"

"भंगारात."

"काढा. आणि कॉम्प्रेसर सुरू करा."

"बाई, जाऊ द्या ना, असंच बघून घ्या," सुपरवायझर मध्ये बोलला.

"जाऊ द्यायचं असतं तर मी घरी बसले असते," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून शिडीपाशी ठाण मांडून बसल्या. भर उन्हात. ब्रॅकेट मिळेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांचा उजवा गुडघा सारखा हलत होता. तो नेहमीच हलायचा, पण त्या दिवशी मला तो बघून धीर आला.

कॉम्प्रेसर धडधडला. शेड थरथरली. मी लॅपटॉपवर चित्रं बसवत गेलो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पट्ट्यातून पायऱ्या निघाल्या, वाकडी पायरी निघाली. तिच्याखाली पोराचं डोकं. चांगलंच खाली. शेजारी मॅडमनी चोरीच्या दिवसाचं चित्र लावलं. त्यातली आकृती ओझ्याने वाकलेली, तरी तिचा माथा वाकड्या पायरीच्या वर.

"टाचा उचल रे, शेंद्रा," मॅडम म्हणाल्या.

पोराने टाचा उचलल्या. तरी डोकं पायरीला पोचलं नाही.

"उंच माणूस वाकून बुटका दिसेल," मॅडम समितीकडे वळून म्हणाल्या. "बुटका माणूस ओझं घेऊन उंच कसा झाला ते मला कुणीतरी सांगा."

तेव्हा तो पोरगा त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसला, कडवट. "पोलीस भरतीतबी आशाच टाचा उचलल्या होत्या मॅडम. काठी मारून खाली बसवल्या. उंचीत उडवलं. गावात आजून हसत्यात. आज कामाला आली ती उंची."

आरोप मागे घेतला गेला. साहेब सभ्यच होते, त्यांनी पोराशी हात मिळवला. मग मॅडमकडे वळले. "तुमचं काम आम्ही पाहिलं. आता खऱ्या माणसाचा चेहरा तेवढा काढून द्या. बाकी प्लांटच्या कामाचं मी आजच बोलतो."

"चेहरा नाही त्यात," मॅडम म्हणाल्या. "उंची आहे, शिडी आहे. चेहरा नाही."

"अंदाज तरी?"

"नाही."

साहेबांचं हसू मावळलं. ते काम आम्हाला कधीच मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

पण खरा जोर पोरानेच लावला. तो मॅडमसमोर येऊन उभा राहिला, मुठी आवळलेल्या. "बाई, काढा ना त्याचं तोंड. माझी आई म्हैनाभर पाण्याला गेली नाय. बाया हापशावर नाव घेऊन बोलत्यात. माझं घर नासवलं त्यानं. तुम्हाला येतं, तर काढा!"

मलाही वाटलं, काढावं. खरंच वाटलं. मॅडम खुर्चीतून उठल्या. हलणारा गुडघा थांबला होता.

"येतं," त्या म्हणाल्या. "आत्ता काढते, चहा येईपर्यंत. पापण्यांसकट. कुणाचं ना कुणाचं तोंड निघेलच. शेजारच्या वस्तीवरच्या एखाद्याचं. मग त्याच्या आईनं पाण्याला कुठं जायचं?"

कॉम्प्रेसर अजून कुणी बंद केला नव्हता आणि टेबलावर ती रंगीत प्रिंट थरथरत होती. पोराने ती उचलली. स्वतःच्या चेहऱ्याकडे माणूस आरशात बघतो तसं तिच्याकडे बघितलं.

"ह्यो मी नाय," तो म्हणाला. मग थोडा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ह्यो कुनीच नाय."

मॅडमनी मान डोलावली, आणि तोवर आलेल्या आपल्या चहातला अर्धा त्याच्या कपात ओतला.